बसने जाऊन चालता येतील अशा बेळगाव, खानापूर आणि चंदगड भागातल्या डोंगरवाटा

पायपीट

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी बेळगावात राहतो आणि माझ्याकडे साधी दुचाकीही नाही. रविवारी डोंगरावर जायचे ठरले की आमच्या गटात पहिला प्रश्न “गाडी कोण काढणार?” हाच असतो, आणि गाडीवाल्याच्या घरी पाहुणे आले की सगळा बेत बारगळतो. या गोष्टीला कंटाळून मी तीन वर्षांपूर्वी एकट्याने बसने जाऊ लागलो. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की आपल्या भागात डोंगर पाहायला बसइतके सोयीचे दुसरे साधन नाही. त्याचे कारण पैसे वाचतात हे नव्हे. गाडी घेऊन गेलेला माणूस जिथून चढला तिथेच परत उतरायला बांधलेला असतो, कारण गाडी तिथे उभी असते. बसने गेलेला माणूस एका रस्त्यावरच्या गावात उतरून डोंगर ओलांडतो आणि दुसऱ्या रस्त्यावरच्या गावात पोहोचून तिथली गाडी धरतो. अशा ‘आरपार’ वाटा एकत्र नोंदवाव्यात, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात राजहंसगडापासून करतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरीही बहुतेकांनी तो फक्त गाडीरस्त्यानेच पाहिला आहे. गड शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे. सिटी बसने येळ्ळूरला उतरावे, गावातून बाहेर पडावे आणि भाताच्या शिवारातून गडाकडे तोंड करून चालू लागावे. वाट विचारावी लागत नाही, कारण गड सतत समोर दिसत असतो. मधे एक-दोन ठिकाणी बांधावरून जावे लागते. पीक उभे असताना बांध सोडून शेतात पाय टाकू नये, एवढे पथ्य पाळले तर शेतकरी स्वतःहून वाट दाखवतात. वर तटबंदी, बुरूज आणि सिद्धेश्वराचे मंदिर आहे. शिवाजी महाराजांच्या नव्या पुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन वेळा अनावरण झाले होते, हे बेळगावकरांना निराळे सांगायला नको. पश्चिमेच्या बुरुजावर उभे राहिले की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी महाराष्ट्रातल्या चंदगड बाजूचा वैजनाथचा डोंगर ओळखू येतो.

बहुतेक लोक इथून मागे फिरतात. मी दुसऱ्या बाजूने देसूरकडे उतरतो. गडाच्या पायथ्याच्या वस्तीतून रस्ता खाली जातो आणि रमतगमत गेले तरी दीड तासात देसूर येते. तिथली गाडी मिळाली तर ठीक, नाही तर थोडे पुढे चालून खानापूर रस्ता गाठायचा. त्या रस्त्यावर बेळगावकडे जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही. चढ येळ्ळूरचा आणि उतार देसूरचा, असा हा अर्ध्या दिवसाचा बेत नवख्यांनाही झेपतो.

गाड्यांच्या वेळा मी मुद्दाम लिहीत नाही. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत आणि जत्रांच्या काळात त्या बदलतात, आणि एकदा लिहिलेली वेळ लोक वर्षानुवर्षे खरी मानतात.

हलशीकर

उत्तम धागा. आपण खानापूर तालुक्याला हात घातला नाहीत, म्हणून मी भर घालतो.

खानापूर बेळगावपासून साधारण २६ किलोमीटरवर आहे आणि तिथून हलशीला गाडी मिळते. हलशी ही कदंब राजघराण्याची जुनी राजधानी. गावातले भूवराह-नरसिंह मंदिर पाहिल्याशिवाय डोंगराकडे वळू नये. त्या मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एका बाजूला नरसिंह, दुसऱ्या बाजूला वराह, आणि आपण मधल्या मंडपात उभे राहिलो की दोघांच्याही नजरेत असतो. बांधकाम ११६९ सालचे, म्हणजे गोव्याच्या कदंबांच्या काळातले आहे. गावाबाहेर रामतीर्थाची टेकडी आहे. वाट सोपी आहे, वर जुनी देवळे आणि पाण्याचे कुंड आहे, आणि सोमवार किंवा सणवार सोडला तर तिथे आपण आणि वारा एवढेच असतो.

‘आरपार’ जायचे असेल तर हलशीहून नंदगडकडे चालत जावे. हा भाग डोंगराचा कमी आणि जंगलाच्या कडेचा जास्त आहे, त्यामुळे चढाची हौस असलेल्यांना तो सपक वाटेल. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली फाशी दिले गेले, त्या जागी त्यांचे स्मारक आहे. तिथून खानापूरला परतणे सोपे आहे.

एक सूचना. एकदा एका बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर मला संध्याकाळची शेवटची गाडी “आहे की, सहा वाजता” असे ठामपणे सांगण्यात आले. मी आणि माझा मेहुणा साडेपाचपासून फाट्यावर बसलो होतो. सात वाजता गुरे घेऊन परतणाऱ्या एका आजोबांनी सांगितले की ती गाडी शाळा चालू असतानाच येते आणि आता सुट्टी लागली आहे. शेवटी एका वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवर बसून आम्ही मुख्य रस्त्याला लागलो. तेव्हापासून मी खिडकीवर विचारत नाही. सकाळी ज्या गाडीने जातो तिच्याच कंडक्टरला विचारतो, कारण संध्याकाळी रिकामी गाडी कुठून वळते हे त्यालाच नेमके ठाऊक असते.

अनगोळची लेक

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी गेल्या वर्षापासून डोंगर चढायला शिकत आहोत. आमचे दोन प्रश्न आहेत. पहिला, कर्नाटकाच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेत मोफत प्रवास करून चंदगडच्या बाजूला जाता येते का? दुसरा प्रश्न विचारायला थोडा संकोच वाटतो. आमचे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि कन्नड बोलता येते, पण बसची पाटी वाचायला वेळ लागतो. गाडी हलेपर्यंत आम्ही अक्षरे जुळवत उभ्या असतो.

शिनोळी फाटा

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मी रोज सीमा ओलांडून कामाला जातो.

कर्नाटकाची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे आणि ती साध्या गाड्यांना लागू आहे. कर्नाटकातला पत्ता असलेले ओळखपत्र दाखवले की शून्य रकमेचे तिकीट मिळते. ते तिकीट घ्यायला आणि उतरेपर्यंत जपून ठेवायला विसरू नका. उलट बाजूला महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. त्यामुळे वैजनाथला जायचे असेल तर सरळ हिशोब असा ठेवा की शेवटच्या काही किलोमीटरचे पैसे जवळ असावेत, आणि नेमके कुठपर्यंत काय लागू होते ते चढतानाच कंडक्टरला विचारून घ्यावे.

आता वाट सांगतो. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीला उतरा आणि देवरवाडीकडे चालू लागा. गाव ओलांडले की चढ सुरू होतो आणि वैजनाथाचे जुने दगडी मंदिर लागते. शेजारी आरोग्य भवानीचे देऊळ आहे. तिथे पाणी भरून घ्यावे आणि महिपाळगडाकडे निघावे. हा गड इतर गडांसारखा ओसाड नाही. तटाच्या आत अख्खे गाव आहे, अंगणात भात वाळत घातलेले असते, आणि पाहुण्याला “कुठनं आलासा?” असे विचारल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देत नाही. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे हे खरे, पण रानातून जाणारी पायवाट अजून मोडलेली नाही. खाली उतरताना देवरवाडीला परत न येता कुद्रेमानीच्या बाजूला उतरले तर आपण पुन्हा कर्नाटकात येतो आणि तिथून बेळगावची गाडी मिळते. एका दिवसात दोन राज्ये, एक गड आणि एक ज्योतिर्लिंगाच्या नावाचे देऊळ, असा हा मेळ आहे.

महाशिवरात्रीला तिकडे जाऊ नका, म्हणजे देवदर्शनाला जरूर जा, पण चालायला जाऊ नका. त्या दिवशी वाट दिसत नाही, माणसेच दिसतात.

पायपीट

शिनोळी फाटा यांचे आभार. पाटीच्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही, मलाही सहा महिने लागले. सगळी वर्णमाला शिकायची गरज नाही. ज्या पाच-सहा गावांना जायचे आहे त्यांच्या नावातले पहिले अक्षर ओळखता आले तरी काम भागते. मी खानापूर, जांबोटी, येळ्ळूर, गोकाक ही नावे एका वहीत उतरवून घेतली होती आणि बसस्थानकात उभा राहून पाट्यांशी ताडून पाहत असे. कन्नड अंकांपैकी दोन आणि चार आपल्या अंकांसारखेच दिसतात. सहा आणि नऊ यांच्यात माझी अजूनही गल्लत होते. आणि काहीच जमले नाही तर चालकाच्या खिडकीशी जाऊन गावाचे नाव मोठ्याने विचारावे. बेळगावात मराठीतून विचारले म्हणून मला कोणी उत्तर दिले नाही असे घडलेले नाही.

सीमेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. दोन्ही राज्यांत ताण निर्माण झाला की पहिला फटका बसला बसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही दिवस गाड्या सीमेपर्यंतच धावत होत्या. अशा वेळी चंदगडचे बेत रद्द करून येळ्ळूर किंवा हलशीकडे वळावे.

जांबोटीवाला

मी इथे थोडा विरोधी सूर लावणार आहे, त्याबद्दल क्षमस्व.

या धाग्यावर अजून कोणी चिखले, वज्रपोहा हे धबधबे किंवा भीमगडचे जंगल यांची नावे घेतलेली नाहीत, पण पुढच्या दोन प्रतिसादांत कोणीतरी घेणारच, म्हणून आधीच लिहितो. माझे गाव जांबोटीजवळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दर रविवारी आमच्या रस्त्यावर काय गोंधळ असतो ते आम्ही पाहतो. अलीकडच्या पावसाळ्यांत खानापूर तालुक्यातल्या जंगलातील धबधब्यांवर जायला वनखात्याने बंदी घातली होती, ती उगाच नव्हे. ओल्या जांभ्यावर पाय घसरतो, ओढा तासाभरात फुगतो, आणि मग शोधायला गावातली मुलेच जातात.

भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. “बसने हेमाडग्याला उतरलो आणि सरळ आत गेलो” असे फुशारकीने सांगणारे मला भेटले आहेत. त्या जंगलात अस्वले आहेत, गवे आहेत, आणि तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनच्या नावाने ओळखले जाणारे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. त्याचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले आणि कित्येक दशके जगात केवळ याच गुहांत ते असल्याची नोंद होती. अशा ठिकाणी टॉर्च घेऊन आरडाओरड करत शिरणे याला मी भटकंती म्हणणार नाही. आतल्या तळेवाडीसारख्या वस्त्यांच्या स्थलांतराची प्रक्रिया सुरू आहे. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले त्यांना बाहेर यावे लागत असताना आपण रविवारच्या हौसेसाठी कुंपण ओलांडावे, हे मला पटत नाही.

मग जांबोटी रस्त्याला यायचेच नाही का? जरूर या. बेळगावहून कणकुंबीची गाडी धरा. गावात माउलीचे मंदिर आहे आणि तिथेच मलप्रभेचा उगम आहे. जी नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात पसरलेली आपण पाहतो ती इथे एका कुंडातून निघते. दुपारची गाडी येईपर्यंत गावाच्या आसपास रस्त्याने फिरा. पावसाळा सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात या. येताना हब्बनहट्टीला उतरून मलप्रभेच्या काठचा मारुती पाहता येतो. एवढ्यावर समाधान होत नसेल तर परवानगीचा अर्ज करा आणि वाटाड्या घेऊन आत जा.

हलशीकर

जांबोटीवाला यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र एक फरक नोंदवावासा वाटतो. धबधब्यांवरची गर्दी बसने येत नाही. ती मोटारींनी आणि दुचाकींनी येते, गाडीत पेटी घेऊन येते आणि संध्याकाळी बाटल्या टाकून जाते. बसने येणाऱ्याला परतीच्या गाडीची धास्ती असते, त्यामुळे तो चार वाजताच उतरायला लागतो. शिस्त लावायला शेवटच्या गाडीसारखा गुरू नाही.

जांबोटीवाला

हे मान्य आहे. बसवाल्यांबद्दल माझी तक्रार नाहीच.

एक आरोग्याची सूचना राहिली होती. २०१५-१६ पासून गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो पट्टा आपल्या डोंगराला लागूनच आहे. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि त्याचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो, म्हणजे नेमका चालण्याच्या दिवसांत. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, पाचोळ्यावर बैठक मारू नये, आणि घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग नीट पाहावे. रानात माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता जवळच्या आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवावे.

घटप्रभा

सगळे पश्चिमेलाच पाहत आहेत, म्हणून पूर्वेकडचा एक प्रतिसाद.

गोकाकचा धबधबा सर्वांनी पाहिलेला असतो. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. बस धबधब्याजवळच थांबते, त्यामुळे तिथे चालण्यासारखे फारसे काही उरत नाही. चालायचे असेल तर गोडचिनमलकीला जावे. तिथे मार्कंडेय नदी दोन टप्प्यांत उडी घेते, पहिली सुमारे २५ मीटरची आणि पुढची २० मीटरची. गावातून दरीकडे जाताना जमिनीचा पोत बदललेला जाणवतो. खानापूरकडचा लाल, भुसभुशीत जांभा इथे नाही. इथे कठीण वालुकाश्माचे थर आहेत, पायऱ्यांसारखे तुटलेले, आणि पावसाळ्यानंतर त्यांच्यावर बसून डबा खाण्यात जी मजा आहे ती दुसरीकडे नाही. सावली कमी आहे. मार्चनंतर जाऊ नये.

गंमत अशी की हीच मार्कंडेय नदी बैलूरच्या डोंगरात उगम पावते आणि राकसकोपच्या जलाशयातून बेळगावला पाणी पाजते. आपण नळाखाली तांब्या धरतो ती नदी इथे कड्यावरून उडी मारताना पाहिली की बरे वाटते.

शिनोळी फाटा

लांबचा बेत हवा असलेल्यांसाठी दोन ओळी. आंबोली बेळगावहून सुमारे ६८ किलोमीटर आहे आणि सावंतवाडीकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत स्टँडवरून आरामात चालत जाता येते. तिथल्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीची नोंद २०२० साली झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. त्यामुळे कुंडात पाय बुडवणे, साबण लावणे हे प्रकार करू नयेत. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीची गाडी उभे राहून जाण्याइतकी भरलेली असते. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

पारगडला मात्र एका दिवसात बसने जाऊन परत येण्याचा हट्ट करू नये. चंदगडहून पुढे गाड्या मोजक्या आहेत. वर वस्ती आहे, तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांच्याकडे हा गड होता आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही तिथे राहतात. वस्तीच्या गाडीने जावे, कोणाच्या तरी ओट्यावर रात्र काढावी आणि सकाळच्या पहिल्या गाडीने उतरावे. त्या भागात हत्तींचा वावर आहे, म्हणून अंधारात चालू नये.

पायपीट

वस्तीची गाडी हा शब्द वाचून आनंद झाला. नवीन मंडळींसाठी खुलासा करतो की जी गाडी रात्री शेवटच्या गावात मुक्कामाला थांबते आणि पहाटे तिथूनच परत निघते ती वस्तीची गाडी. डोंगरातल्या माणसाचे निम्मे वेळापत्रक तिच्यावर ठरते. दूध, भाजी, दवाखाना, कोर्टाची तारीख, सगळे तिच्यातून शहरात येते. त्या पहाटेच्या गाडीत बसताना पाठीवरची मोठी पिशवी मांडीवर घ्यावी आणि पुढची जागा गावकऱ्यांसाठी सोडावी. आपण हौसेने आलेलो असतो, ते गरजेने.

अनगोळची लेक

काल आम्ही येळ्ळूर ते देसूर वाट पूर्ण केली. मी, दोन मैत्रिणी आणि हो-नाही करत शेवटी निघालेली माझी आई. येळ्ळूरची पाटी मी वाचली, पण त्याआधी आईने चालकाला विचारून टाकले होते.

गडावर पोहोचायला आम्हाला पावणेदोन तास लागले, कारण आई प्रत्येक बांधावर थांबून कोणत्या भाताची लोंबी कशी आहे ते पाहत होती. तिचे माहेर खानापूरकडचे आहे. सिद्धेश्वराला नारळ वाढवला. देसूरकडे उतरताना खडीवर मैत्रीण घसरली आणि तिचा तळहात खरचटला, बाकी काही नाही. उताराला काठी हवी होती, हे पुढच्यांनी लक्षात ठेवावे. देसूरला गाडी नुकतीच गेली होती, म्हणून पायपीट काकांनी सांगितल्याप्रमाणे चालत खानापूर रस्ता गाठला आणि दहा मिनिटांत गाडी मिळाली.

कंडक्टरने चार शून्य रकमेची तिकिटे फाडली आणि आमचे चिखलाने भरलेले बूट पाहून “कुठली लावणी करून आलासा?” असे विचारले. आई हसून म्हणाली, “लावणी न्हवं, गड.” त्यावर त्यांनी सांगितले की ते स्वतः नंदीहळ्ळीचे आहेत, रोज गड बघतात आणि शाळेत असताना एकदाच वर गेले होते.

पुढच्या रविवारी हलशी. पाटीवरचा ‘ह’ मी आतापासून गिरवते आहे.